वीस तारखेच्या तिकिटाबद्दल आणि भिंतीतल्या भोकाबद्दल

नास, काउंटी किल्डेअर, आयर्लंड
१२ डिसेंबर

तीर्थस्वरूप चंद्रहासभाऊजी,

सुरेखाचा नमस्कार. हातमोजे काढून केलेला आहे, तेव्हा त्यातला आदर खरा समजावा. शोभनाताईंचा गुडघा कसा आहे? मेथीचे लाडू संपले असतील तर माझ्या फ्लॅटमध्ये, फडताळातल्या स्टीलच्या डब्यात अजून आहेत. किल्ली तुमच्याकडेच आहे. तुमचं बीपी, तुमची साखर आणि तुमचा राग या तिन्हींची खुशाली कळवावी. (पहिल्या दोघांना गोळी लागू पडते हे मला ठाऊक आहे.) इकडे सगळे ठीक. सारंग आणि गुंजन नमस्कार सांगतात. तुमची नात सानिका 'हाय' सांगते, पण मी त्याचा नमस्कार करून पाठवते आहे.

हातात फोन असताना ही बाई पत्र का लिहून राहिली, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं कारण असं की एक तारखेला तुम्ही फोन केलात, त्यात मी "भाऊजी, ऐका तर" एवढंच नऊ वेळा म्हणाले. सानिकाने मोजलं. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. रागाने फाडलंत तरी हरकत नाही, मी झेरॉक्स काढून ठेवली आहे.

परवा संकेतचा मेसेज आला. बाबांनी सांगितल्यावरून त्याने माझं वीस डिसेंबरचं परतीचं तिकीट काढलं आहे, आणि काकूला बाहेरचं दिसावं म्हणून खिडकीजवळची जागा घेतली आहे. मुलगा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण जे सांगायचं ते सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल: मी वीस तारखेला येणार नाही. या देशाच्या सरकारने मला नव्वद दिवस राहायची परवानगी दिली आहे आणि नव्वदावा दिवस एकोणतीस जानेवारीला भरतो. एवढ्या मोठ्या सरकारला माझी अडचण होत नाही, तर आठ हजार किलोमीटरवरच्या माझ्या थोरल्या दिरांना का व्हावी? सारंगने तुम्हाला रडवेल्या आवाजात फोन करून "आईने घरात विषारी वायू केला" असं सांगितलं, आणि तुम्ही तेवढ्यावर निकाल दिलात. आता दुसरी बाजू.

मी एक नोव्हेंबरला इथे उतरले तेव्हा घर गरम होतं आणि माणसं गार. इथली घरं जोडीने बांधतात, एकाच भिंतीला दोन घरं पाठ लावून बसलेली. स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर, तो पाणी तापवतो, आणि ते पाणी प्रत्येक खोलीत भिंतीला टेकवलेल्या लोखंडी पापडांतून फिरतं. घर किती अंशांवर ठेवायचं हे ठरवणारी एक डबी जिन्याखालच्या भिंतीवर आहे. पण ती सारंगच्या फोनवरही आहे आणि गुंजनच्या फोनवरही, आणि सगळं दुखणं इथेच आहे. सारंग डब्लिनच्या ऑफिसात बसून सतरा करतो. गुंजन इथल्या हॉस्पिटलच्या औषधविभागातून एकवीस करते. तो पुन्हा सतरा. ती पुन्हा एकवीस. दोघं एकमेकांशी शब्दही बोलत नाहीत, मी एकटी जिन्याच्या पायरीवर बसून नवराबायकोचं भांडण आकड्यांत वाचते. फ्रिजवर सारंगने गेल्या जानेवारीचं गॅसचं बिल लाल गोल करून चिकटवलेलं, आणि त्याला लागून गुंजनने सानिकाच्या खोकल्याची डॉक्टरची चिठ्ठी चिकटवलेली. दूध काढायला गेलं तरी दोन्ही पक्षांचे कागद वाचून यावं लागतं.

भाऊजी, यात हसण्यासारखं बरंच होतं, पण एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता गुंजन मला म्हणाली, "आई, दिवसभर उभी असते मी. घरी येते ती उबेला येते. तीसुद्धा मोजून मिळणार असेल तर मी कशाला येऊ?" ती रडली वगैरे नाही. ताटली जागेवर ठेवली आणि वर गेली. सुनेच्या आवाजात असं काही ऐकलं की सासूने कान बंद करून जप करायचा असतो, असं तुमचं मत आहे. (मुलाच्या संसारात लक्ष घालू नये, हे तुम्ही मला विमानतळावर दोनदा सांगितलंत.) मी त्या क्षणी लक्ष घातलं.

मी एकतीस वर्षं नागपूरच्या मुलींना उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवलं आहे. मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांत खसाच्या ताट्यांवर पाणी मारून मी घर राहण्याजोगं ठेवलेलं आहे. उष्णता बाहेर ठेवता येते तर आत का ठेवता येणार नाही? नियम तेच, फक्त तोंड उलटीकडे करायचं. दोघांना मी सांगितलं की घराची ऊब आता माझ्याकडे, तुम्ही आपापलं काम बघा. त्यांनी माना डोलावल्या. आई तीन महिन्यांसाठी आलेली असली की मुलं कशालाही मान डोलावतात.

पहिला प्रयोग फसला, हे मीच सांगते, सारंगकडून ऐकण्याआधी. मी त्या डबीखाली स्टूल ठेवलं आणि स्टुलावर गरम पाण्याचा तांब्या. डबीला वाटलं, घर तापलं. बॉयलर गप्प बसला. दुपारभर मी विजयी मुद्रेने घरात वावरले. अंगात सारंगचे आतले लोकरी कपडे, त्यावर सलवार, त्यावर पातळ, दोन स्वेटर, कानटोपी आणि मफलर. पार्सल द्यायला आलेल्या माणसाने माझ्या डोळ्यांकडे बघून (बाकी काही दिसतच नव्हतं) घरात कोणी मोठं माणूस आहे का, असं विचारलं. तेवढ्यात सारंगचा मीटिंगमधून फोन. त्याच्या फोनवर घराचं तापमान एकतीस दिसत होतं.

"आई, घरात काय पेटलंय?"

मी म्हटलं, काही नाही, तांब्या ठेवलाय. प्रत्यक्षात घर तेरावर गेलं होतं. गुंजन आली ती कोट न काढताच जेवली, आणि मी त्या रात्री तो प्रयोग मागे घेतला. (पण थंडीतही एक गोष्ट मी सिद्ध केली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि वरच्या मजल्यावर गरम पाण्याची टाकी असलेलं जे कपाट असतं त्याला हॉट प्रेस. मी आठवडाभर समजत होते की तिथे इस्त्री असेल. त्यात टॉवेलांच्या मागे विरजण लावलं तर सहा तासांत दही लागतं, सुरीने कापावं असं. सारंगला या देशात सात वर्षं झाली, तो आजवर दुकानातलं दही खात होता.)

दुसरा प्रयोग शास्त्रशुद्ध होता. घर गरम करण्याआधी गळकं कुठे आहे ते शोधायला पाहिजे. उदबत्तीचा धूर सरळ वर जात असेल तर खिडकी चांगली. वाकला, तर तिथून वारा येतो. मी वही घेतली, खिडक्यांना नंबर दिले आणि मोगऱ्याची उदबत्ती घेऊन घरभर फिरू लागले. एकीचा धूर पुरेना, म्हणून बारा लावल्या. जिन्याजवळ पोचले आणि छताला लावलेली, धूर ओळखणारी पांढरी यंत्रं, खाली एक, वर दोन, अशी एकदम किंचाळायला लागली की मला वाटलं विमान आलं. मी एका हातात उदबत्त्या आणि दुसऱ्या हातात झाडू घेऊन यंत्राला खाली पाडायच्या बेतात असताना दारावरची घंटा वाजली.

शेजारची ब्रीडा. भिंतीच्या पलीकडची. वय एकोणऐंशी, उंची तुमच्याएवढी, आणि अंगात तिच्या गेलेल्या नवऱ्याचा कोट. भाऊजी, ती बाई विचारपूस करत दारात उभी राहिली नाही. आत आली, स्वयंपाकघरातलं फडकं ओढलं, यंत्राखाली उभी राहून ते दहा-बारा वेळा फिरवलं, यंत्र थांबलं. मग तिने दीर्घ श्वास घेतला आणि वास तिच्या चर्चमधल्यापेक्षा बरा आहे म्हणाली. चहा घेऊन गेली. तिने चाळीस वर्षं इथल्या शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात काम केलं आहे. तिचं इंग्रजी मला निम्मं कळतं आणि माझं तिला. बोलता बोलता ती म्हणाली की "युअर मॅन" सांगत होता, उद्या पहाटे कडक गारठा पडणार आहे. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, माझा माणूस जाऊन सहा वर्षं झाली. मग तिने समजावलं की इकडे कोणाही माणसाला तसंच म्हणतात, ती टीव्हीवरच्या हवामानवाल्याबद्दल बोलत होती. आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, तिचाही गेला, अकरा वर्षं झाली, आणि कोट त्याचा आहे. तुमच्या धाकट्या भावाबद्दल सहा वर्षांत माझ्याशी असं सरळ कोणी बोललं नव्हतं. सगळे एकदम गंभीर होऊन विषय बदलतात. तुम्हीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तर घरात घराबाहेरपेक्षा जास्त थंडी. बॉयलर बंद. ती स्वयंपाकघरात एका लहानशा विजेच्या शेगडीपाशी दिवस काढायची आणि दुपारी गावातल्या वाचनालयात जाऊन बसायची, कारण तिथे गरम असतं. मी विचारलं तर "आय अॅम ग्रँड." इथे या शब्दाचा अर्थ भव्य असा नाही. ठीक आहे, चालतंय, विचारू नका, या सगळ्याला मिळून तो एक शब्द आहे. मी घरी येऊन विचार केला. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन घरं, दोन्हींत दिवसभर एकेक म्हातारी, आणि दोघी आपापल्या जागी कुडकुडत काटकसर करून राहिलेल्या. हे उदाहरण मी सातवीच्या कुठल्याही मुलीला घातलं असतं तरी तिने सांगितलं असतं की बाई, दोघींना एका खोलीत बसवा.

तसंच केलं. एक दिवस ती इकडे, एक दिवस मी तिकडे, सकाळी साडेदहा ते तीन, आणि एकच खोली तापवायची. तिच्या मागच्या शेडमध्ये घोड्यांच्या जुन्या झुली होत्या, जाड, रजईसारख्या शिवलेल्या. ती म्हणाली की शर्यतीच्या घोड्याला थंडीत कधी उघडं ठेवत नाहीत, माणसांचं मात्र कोणी एवढं बघत नाही. मी माझी दोन सुती पातळं फाडून त्या झुलींना अस्तर लावलं आणि दोन्ही घरांच्या पुढच्या दारांना पडदे केले. टपालाच्या फटीतून जो वारा यायचा (वहीत गळती क्रमांक एक) तो जागच्या जागी थांबला. सारंग संध्याकाळी आत आला, थबकला, आणि घरात घोडा आहे का, असं त्याने विचारलं. गुंजन हसली. खूप हसली, जिन्यावर बसून. मग सारंगही हसला आणि तिच्या शेजारी बसला. त्या दिवशी डबीवरचा आकडा एकोणीस होता आणि रात्रीपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही. गॅसचा मीटर घराबाहेरच्या पेटीत असतो. तो मी रोज सकाळी जाऊन बघते. खप तिसऱ्या हिश्श्याने उतरला. हे तुम्हाला कोणी फोन करून सांगितलं नाही.

आता भोक.

बाहेरच्या खोलीत, जिथे लाकडं आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा जाळायची लोखंडी शेगडी आहे, तिथल्या भिंतीत पंज्याएवढं गोल भोक आहे. आरपार. जाळी लावलेलं, मुद्दाम ठेवलेलं. बोट लावलं तर बाहेरचा वारा लागतो. पैसे देऊन हवा तापवायची आणि भिंतीला भोक पाडून सोडून द्यायची, हे मला सहन होईना. मी कोणाला विचारलं नाही. ब्रीडाला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं. मी सारंगचा जुना स्वेटर त्यात कोंबला आणि वरून चिकटपट्टीने स्टीलचं झाकण लावलं. नीटनेटकं काम होतं.

तीस तारखेच्या रविवारी संध्याकाळी सारंगने हौसेने शेगडी पेटवली. कितीतरी दिवसांनी चौघं एका खोलीत. सानिका गालिच्यावर चित्र काढत होती, गुंजन डोकं दुखतंय म्हणून सोफ्यावर पडली होती, आणि मी मनात म्हणत होते की जमलं, घर जमलं. तेवढ्यात फळीवरची एक लहान डबी ओरडायला लागली. मला वाटलं धुराच्या यंत्राचंच भावंड. मी अनुभवी बाईसारखी फडकं घेऊन उठले. गुंजनने डबीवर काय लिहिलंय ते वाचलं, सानिकाला उचललं आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली, "आई, बाहेर. सगळे बाहेर." आम्ही रस्त्यावर पावसात उभे, सानिकाच्या पायात नुसते मोजे. अग्निशमनवाले आले. त्यांच्यातल्या एकाने भोकातून तो स्वेटर ओढून काढला आणि मला दाखवला. रागावला नाही. जळणाऱ्या शेगडीला हवा लागते, ती नाही मिळाली तर धुराड्यातून वर जाणारा वायू खोलीत साठतो, त्याला वास नसतो आणि रंग नसतो, एवढं शांतपणे सांगितलं. आम्हाला चौघांनाही तपासलं, सगळे ठीक निघाले.

भाऊजी, इथे मी वाद घालत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या मी दर हिवाळ्यात वाचलेल्या आहेत, आणि तरी मी ते केलं. सानिकाचे ओले मोजे मी त्या रात्री हाताने धुतले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी मी तिघांची माफी मागितली, आणि सानिकाचीही वेगळी, इंग्रजीत. भोक उघडं आहे. वारा येतो. येऊ दे.

पण चूक एका भोकाची आहे. तुम्ही शिक्षा सगळ्या बाईला दिलीत. तुम्ही फोनवर म्हणालात, या वयात नसती उठाठेव, लोकांकडे जाऊन बसणं, झुली काय नि उदबत्त्या काय, आपल्या घरी ये आणि आरामात बस. हे गेले तेव्हापासून तुम्ही माझं सगळं बघता आहात आणि मी त्याचं ऋण मानते. पण हे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तुम्ही माझी स्कूटर विकलीत, आठवतं? बाईमाणसाने एकटीने या वयात गाडीवर हिंडू नये म्हणून. मी साठ वर्षांची होते आणि त्या गाडीवर बावीस वर्षं शाळेत गेले होते, एकदाही पडले नव्हते. मी चावी तुमच्या हातात दिली, चहा केला, आणि तुम्ही गेल्यावर पार्किंगमधल्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. आज बोलते आहे, कारण आज माझ्याकडे चावीपेक्षा मोठं काहीतरी आहे, ते आता सांगते. सारंगने तुम्हाला हे सांगितलेलं नाही, कारण त्याला तुमच्याकडे केलेल्या तक्रारीची लाज वाटते आहे.

चार तारखेला, गुरुवारी, ब्रीडाची इकडे यायची पाळी होती. साडेदहा वाजले. ती वेळेला घड्याळापेक्षा पक्की. पावणेअकराला मी गेले, घंटा वाजवली, कोणी नाही. वाकून टपालाच्या फटीतून हाक मारली. मीच शिवलेला पडदा आड येत होता, म्हणून छत्रीच्या टोकाने तो बाजूला केला. आतून अगदी बारीक आवाज आला.

"आय अॅम ग्रँड, सुरेखा. आय अॅम ऑन द फ्लोअर."

दार बंद, किल्ली आत. आपत्कालीन नंबर लावला, पत्ता सांगितला, आणि मग मागच्या अंगणात गेले. दोन अंगणांमध्ये माझ्या खांद्याएवढी भिंत आहे. कचऱ्याचा मोठा डबा भिंतीला लावला, त्यावर स्टूल, आणि पातळ खोचून वर चढले. सहासष्टाव्या वर्षी, हो. पलीकडे उतरताना गुडघा सोलला, तो आता बरा आहे. मागचं दार नुसतं ओढलेलं होतं. ती सकाळी सहाला चहाला उठली, फरशीवर पाय घसरला, मनगट मोडलं आणि कमरेला असा मार बसला की उठता येईना. पावणेपाच तास ती त्या फरशीवर होती आणि स्वयंपाकघर नऊ अंशांवर होतं. ओठ निळसर झालेले. हलवायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. मी दाराचा पडदा ओढून काढला, तो तिच्यावर घातला, माझे दोन्ही स्वेटर घातले, आणि तिच्या शेजारी फरशीवर बसून तिचा चांगला हात काखेत धरला. अॅम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत तिने मला तिने सांभाळलेल्या सगळ्या घोड्यांची नावं सांगितली. मी मध्ये थांबू दिलं नाही, झोप येते म्हणाली की पुढचं नाव विचारायची. डॉक्टर गुंजनला म्हणाले की दुपारपर्यंत कोणी गेलं नसतं तर सांगता आलं नसतं.

दुपारपर्यंत कोणी गेलं नसतं, भाऊजी. तिची मुलगी ऑस्ट्रेलियात आहे, रविवारी फोन करते. मी गेले, कारण गॅस वाचवायला आम्ही रोज साडेदहाला भेटायचो. उठाठेव म्हणालात ती हीच.

त्या संध्याकाळी सारंग घरी आला. मी चढले ती भिंत बघून आला, माझ्या गुडघ्याला स्वतः औषध लावलं. मग किल्ली घेऊन शेजारी गेला आणि ब्रीडाचा बॉयलर दुरुस्त करून घ्यायला माणूस बोलावला. तो वर्षभर बिघडलेलाच होता. ती काटकसर करत नव्हती, तिच्याकडे पर्यायच नव्हता, आणि हे आम्हाला भिंतीच्या अलीकडे कोणाला माहीत नव्हतं. दिवसा सोबत असेल तरच तिला पंधरा तारखेला घरी सोडणार आहेत. मी हॉस्पिटलात माझं नाव लिहून दिलं आहे. तिची मुलगी रजा घेऊन येईपर्यंत, म्हणजे वीस जानेवारीपर्यंत, सकाळी साडेदहा ते तीन, एका खोलीत दोघी. हा शब्द मी माझ्या अधिकारात दिला आहे. मला यात कोणाचा सल्ला नको, परवानगी नको आणि खिडकीजवळची जागाही नको. एकोणतीस जानेवारीला मी माझी माझी येईन. विमानतळावर यायची तसदी घेऊ नये. यायचंच असेल तर रागावून येऊ नये.

शोभनाताईंना नमस्कार, संकेतला आशीर्वाद. थंडीत सकाळी फिरायला जाताना कानाला बांधत जा.

तुमची,
सुरेखा

ता. क. : वरचं सगळं वाचून तुम्ही तिकिटाचा विचार करायला बसाल, म्हणून सांगते. ते मी बुधवारीच संकेतला सांगून एकोणतीस जानेवारीवर ढकललं आहे. त्याला तुम्हाला सांगू नकोस म्हटलं होतं. त्याला बोलू नये, तो फार घाबरलेला आहे.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवतच होते, तेवढ्यात गॅसचं बिल आलं. सारंग यायच्या आत मी ते उघडलं. गेल्या वर्षी या दोन महिन्यांत होतं तेवढंच आहे, वर चार युरो जास्त. मला चक्कर यायची बाकी होती. मग चष्मा पुसून वाचलं, तर मीटरच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय की हा आकडा अंदाजे आहे. त्यांचा माणूस मीटर बघायला आलाच नाही. गेल्या वर्षी तुम्ही इतका गॅस जाळलात, तर यंदाही तितकाच जाळला असेल, असं समजून बिल पाठवून दिलं. मी महिनाभर ज्या थंडीत बसले ती त्यांनी धरलीच नाही. बिल हॉट प्रेसमध्ये टॉवेलांखाली ठेवलं आहे. सारंगला दाखवायच्या आधी मला त्यांना एक अर्ज लिहायचा आहे.

मला कोणाचा सल्ला नको असं वर लिहिलंय, ते या बाबतीत धरू नये. तुम्ही चौतीस वर्षं वीज कार्यालयात सरासरी बिलाच्या तक्रारींना उत्तरं लिहिलीत, आणि लोक म्हणायचे की चंद्रहासरावांचं उत्तर आलं की माणूस पुन्हा अर्ज करत नाही. पण एवढ्या वर्षांत एखादा तरी अर्ज असा आला असेल, ज्याला तुम्हाला उत्तर सुचलं नाही आणि निमूटपणे बिल दुरुस्त करून द्यावं लागलं. तो कसा लिहिला होता, शब्दन् शब्द आठवून, उलट टपाली कळवावं.